विसळलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. पण तेलाच्या नाहीतर सरबताच्या बाटल्यांच्या पंगतीत मला बसवू नका. माझे बूच काचेचे आहे. नळानळांचे पाणी पोटात घेऊन मी तपासणीसाठी प्रयोगशाळेत जात असे. तेव्हा थोडा तोरा मला शोभतो.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. घोडपदेवची कालिंदी बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती, तीही तात्पुरती. तिथे नव्या माणसाला शिकवायला कोणाला सवड नव्हती. म्हणून ती दर रविवारी भायखळ्याच्या एका वाचनालयात जाई. मोर्च्याचे फलक बाजूला सारून पाणी तपासणारी पाच-सहा तरुण मंडळी तिथे बसत, एकमेकांना काम शिकवत, मुलाखतींची तालीम करत. गिरणीत बॉयलरचे पाणी तपासणारे बाबुराव त्यांतले वडीलधारे. तेही जेमतेम तिशीचे!

एका रविवारी, नमुना कसा घ्यावा हे नव्यांना दाखवायला कालिंदीने मला आणले. ऐटीत बूच काढले, नळाखाली मला दोनदा खळखळून विसळले आणि मग भरले. तिची आई जाईबाई रोज हंडा असाच भरत असे.

बाबुरावांचा चेहरा उतरला. "कालिंदी, नेहमी अशीच विसळतेस?"

"हो. का ओ?"

माझ्या तळाशी क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे दोन थेंब असतात. ते धुऊन गेले, की नळाच्या पाण्यातला क्लोरीन वाटेतच माझ्या पोटातले जंतू मारतो आणि घाण पाणीही तपासणीत स्वच्छ ठरते. बाबुरावांनी हे सांगताच कालिंदीने वहीतल्या जुन्या नोंदी उलटून पाहिल्या.

"काळाचौकीच्या त्या चाळीचं पाणी शुद्ध म्हणून लिहिलं मी. तिथली पोरं जुलाबानं आजारी आहेत. आणि उद्या साहेब माझी नोकरी कायम करणार आहेत!"

"मग उद्याच सांगायचं. पण एकटी नाय जायचं. आम्ही येतो."

संध्याकाळी तिने त्या चाळीत दारोदार जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितले. सोमवारी सारी मंडळी साहेबांपुढे उभी राहिली. कालिंदीने मला टेबलावर ठेवले आणि आपली चूक कबूल केली.

साहेब कडाडले, "एवढंही कोणी शिकवलं नाही तुला?"

"नाही साहेब," बाबुराव म्हणाले, "म्हणून तर आम्ही रविवारी बसतो."

साहेबांनी नमुना पुन्हा घ्यायचा हुकूम दिला.

मला निर्जंतुक करून, औषध घालून काळाचौकीच्या त्या चाळीच्या नळावर पुन्हा नेले. या खेपेस जंतू निघाले. गटाराशेजारी फुटलेला नळ सापडला, बदलला गेला. मुले बरी झाली. कालिंदीची नोकरी सहा महिने लांबली, पण कायम झाली. तो कागद ती आधी वाचनालयात घेऊन आली. त्या दिवशी मला फुटेस्तोवर आनंद झाला होता!

पुढे माझ्या काठाचा टवका उडाला आणि मी वाचनालयाच्या कपाटात राहायला आले. कालिंदीबाई मोठ्या अधिकारी झाल्या, तरी प्रत्येक नव्या माणसाच्या हातात आधी मला देत.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली आहे. ती जरूर पुसा. पण माझ्या गळ्यातली चिठ्ठी काढू नका. तिच्यावर कालिंदीच्या अक्षरात लिहिले आहे : 'मी हिला विसळले होते. तुझीही चूक झाली असेल, तर रविवारी ये.'