गल्लीतला जाळणारा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोई सुथेपचा डोंगर धुरात नाहीसा झाला आणि उत्तर थायलंडातल्या चियांग माईतली माणसं नेहमीप्रमाणे एकमेकांकडे संशयाने बघू लागली.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या थावॉनकाकांना तर संशय घ्यायचा रीतसर अधिकारच होता. गल्लीच्या आगविरोधी गस्तपथकाचे ते प्रमुख. जाळण्यावर साठ दिवसांची बंदी आली की नारिंगी जाकीट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून ते रोज सकाळी लोकांच्या कुंपणांवरून आत डोकावायचे. इतर दहा महिने याच गोष्टीला लोक चोंबडेपणा म्हणत.

यंदा मात्र प्रश्न घरातला होता. बायकोचा, फोंगसीचा दमा बळावला होता. ती रात्रभर उशीला टेकून बसून काढायची. रायॉंगला समुद्राकाठी राहणाऱ्या मुलीने रविवारच्या बसचं तिकीट पाठवलं होतं. फक्त जायचं. परतीचं नव्हतं.

"गल्लीत कोणीतरी चोरून पाला जाळतंय," काका म्हणाले. "रविवारच्या आत पकडला, तर राहशील?"

"पकडलात आणि थांबवलात, तर राहीन. नुसता पकडून काय त्याचं लोणचं घालू?"

काका कामाला लागले. देवळाचा झाडूवाला पाला पोत्यात भरतो असं सांगत होता, म्हणजे नक्की जाळत होता. काकांनी पोती उपसली. पालाच निघाला. कोपऱ्यावरच्या भाड्याच्या खोलीतला परदेशी पाहुणा खिडक्या कायम बंद ठेवायचा. काकांना हे संशयास्पद वाटलं. तो हवा शुद्ध करायचं यंत्र लावून आत बसत होता. काकांना हे जास्तच संशयास्पद वाटलं. फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा दोनशे ऐंशीवरून तीनशे दहावर गेला.

शुक्रवारी मात्र पुरावाच सापडला. शेजारच्या युफिनच्या फाटकाखालून काळं पाणी गटारात वाहत होतं. काकांनी बोट बुडवून वास घेतला. राख.

त्यांनी शिट्टी फुंकली आणि फाटक ढकललं. युफिन नळाशी उकिडवी बसून टबात काहीतरी धूत होती. कोपरापर्यंत हात काळे.

"सापडलीस!"

"कानठळ्या बसल्या ना काका! सापडायला मी काय हरवले होते?"

"ही राख कुठली?"

"डोंगरातली. माझा मावसभाऊ पहाटे माल टाकून गेला." तिने टबातली जुडी वर काढली. फाक वान या रानभाजीचे कोवळे, हिरवेगार कोंब. मुंग्यांच्या अंड्यांबरोबर त्यांचं कालवण केलं की काका दोन वाट्या भात जास्त जेवायचे. "रान जाळलं की आठवड्याभरात असे फुटतात. राखेत दिसतातही पटकन."

"म्हणजे जाळणारा तुझा भाऊ!"

"नाव लिहून घ्या. आणि माल मागवणाऱ्यांचीही घ्या." तिने टोपलीकडे बोट दाखवलं. प्रत्येक जुडीला चिठ्ठी होती. गस्तपथकातल्या खामपानची एक. देवळाच्या कारभाऱ्यांची एक. सगळ्यात वर 'थावॉनकाका, दोन'.

काका जरा वेळ चिठ्ठीतल्या अक्षरांत काही चूक आहे का ते बघत राहिले.

"न जाळताही मिळते की ही भाजी," ते म्हणाले.

"मिळते. थोडी जून असते. मागच्या साली तशीच आणली होती, तर तुम्हीच परत पाठवलीत. 'चावायला दात उसने आणू का?' म्हणालात. मी भावाला जसंच्या तसं सांगितलं."

काकांनी दोन्ही जुड्या रद्द केल्या आणि शिट्टी खिशात घालून घरी आले. फोंगसी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पकडला," ते म्हणाले.

"कोण?"

"आपणच निघालो. ती फाक वानची भाजी..."

"आपण नाही. तुम्ही." तिने घडी नीट दाबली. "मी तीन वर्षं खात नाही. करून वाढते फक्त."

काकांना तीन वर्षांतली ताटं आठवून बघावीशी वाटली. फक्त स्वतःचंच आठवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, डोंगरातला धूर डोंगरातच राहतो, गल्लीतला कोण जाळतो ते बघू."

"आता मी बंद केली ना! राहा."

"दोन जुड्यांनी डोंगर दिसायला लागला, तर राहते." दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरचं घरसुद्धा नीट दिसत नव्हतं.

शनिवारभर काका दारोदार फिरले. या साली भाजी नको म्हणा, एवढंच सांगत. लोक मान डोलवत आणि पाठ फिरली की कुजबुजत. रविवारी सकाळी बॅग उंबऱ्यावर आली, तेवढ्यात नारिंगी जाकीट घालून खामपान हजर.

"थावॉनदादा, रागावू नका. जरा मागचं अंगण बघायचंय."

"माझं?"

"ऐन हंगामात फाक वान नको म्हणणारा माणूस... पथकाला वाटतं, काहीतरी लपवतोय." त्याची नजर बॅगेवर गेली. "आणि वहिनी कुठं निघाल्या?"

"श्वास घ्यायला," फोंगसी म्हणाली आणि खोकत स्कूटरवर मागे बसली.

खामपान अंगणात शिरून पाला उचकत राहिला. काकांनी त्याला अडवलं नाही. त्यांनी स्कूटर बसस्थानकाकडे काढली. धुरात तोंड उघडणं तिला परवडणारं नव्हतं. बसच्या पायरीवर मात्र तिने मुखपट्टी खाली ओढली.

"रोज फोन करा. आकडा सांगा."

"सांगेन."

"खरा सांगा. कमी करून सांगितलात तर मला कळेल."

"कसं?"

"तुमच्या खोकल्यावरून," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

काकांनी आजवर स्वतःचा खोकला मोजला नव्हता. बस धुरात दिसेनाशी व्हायला पन्नास पावलांचं अंतर पुरलं. तेवढ्यात ते चारदा खोकले.