पाणी पिणारी गाडी

गाडी पाणी पीत होती.

ऑइल पिणाऱ्या गाड्या पैशाला पासरी मिळतात, डिझेल पिणाऱ्यांचं तर विचारूच नका. पण ही पिकअप रेडिएटरमधलं हिरवं कूलंट प्यायची. गाडीवाले त्याला सरळ पाणीच म्हणतात. बरं, प्यायल्याचा पुरावा म्हणून कुठे ठेवायची नाही. रात्रभर उभी असायची तिथली फरशी कोरडी ठणठणीत. पाइप कोरडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. आणि तरी दर थोड्या दिवसांनी, नेमकी चढावर, काटा लाल पट्ट्यात जाऊन बसायचा आणि बॉनेटच्या फटींतून वाफ निघायची.

गाडी मूळची अप्पांची. उभा जन्म त्यांनी स्टिअरिंगमागे काढला. मग एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, लायसन्स गेलं आणि किल्ली लेकीच्या हातात आली. लेकीला गाडी शिकवली तीही त्यांनीच. आई गेल्यापासून घरात दोघंच होते. पहाटे ती उठायच्या आधी अप्पा उठलेले असायचे. काच पुसायची, टायरवर लाथ मारून हवा बघायची, बॉनेट उघडून पाणी बघायचं. ती चहा संपवून बाहेर यायची तेव्हा गाडी नवऱ्या मुलीसारखी तयार. "अप्पा आहेत म्हणून गाडी आहे," असं ती चार लोकांत अभिमानानं सांगायची.

काम हॉस्पिटलच्या चादरींचं. लॉन्ड्रीतून धुतलेले गठ्ठे उचलायचे आणि आठच्या आत वॉर्डात पोचवायचे. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. दोनदा उशीर झाल्यावर लॉन्ड्रीच्या मॅनेजरनं बजावलं होतं की, पेशंट काही चादर आल्यावर आजारी पडायचं म्हणून थांबत नाहीत. तिसऱ्यांदा उशीर झाला की काम दुसऱ्याला.

पण कामापेक्षा तिला वेगळ्याच गोष्टीनं पोखरलं होतं. गाडी तापली की ती आधी अप्पांना फोन करायची. पहिल्याच रिंगला फोन उचलला जायचा. मग अप्पा रिक्षातून उतरायचे, हातात पाण्याचा कॅन, अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. इंजिन निवेपर्यंत तिला गप्प उभं करायचे, शांतपणे पाणी भरायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दोन गोष्टी समजावून सांगायचे. आणि फडक्याला हात पुसत म्हणायचे, "गाडीत काही नाही पोरी. तुझ्या पायात आहे. चढावर रेस फार देतेस तू."

अप्पांनी म्हटलं म्हणजे झालं. तिनं रेस देणं सोडलं. चढावर ती पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं जायला लागली, मागचे हॉर्न आणि शिव्या खात. रेडिओ बंद केला. डोळे रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त. एकदा काट्याकडे बघता बघता एक सायकलवाला तिच्या चाकाखाली यायचा राहिला. त्या दिवशी घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. आपल्याला गाडी येत नाही, उगाच एवढी वर्षं येते असं समजत होतो, हे तिनं मनाशी जवळजवळ मान्य करून टाकलं. किल्ली परत द्यावी असंही तिच्या मनात यायला लागलं.

मिस्त्रीकडे ती गेली ती चोरून. अप्पांना कळलं असतं तर मी असताना मिस्त्री कशाला, म्हणून त्यांना लागलं असतं. डोळा गेलेल्या माणसाकडून हेही कशाला काढून घ्यायचं, एवढाच तिचा विचार. आपल्या या चांगुलपणाची पुढे तिला सगळ्यात जास्त चीड आली.

मिस्त्री माणसांशी बोलायला चिक्कू, गाडीशी मात्र भरपूर बोलायचा. त्यानं ऑइलची पट्टी काढून बघितली. आतून गळत असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. ते स्वच्छ होतं. रेडिएटरच्या तोंडावर पंप लावून दाब दिला. दोघांचा चहा पिऊन झाला तरी पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती कुठेच नव्हती. मग त्यानं हातमोजे चढवले आणि एक लहानशी बाटली पाण्यात ओतली. हा रंग नुसत्या डोळ्यांना कळत नाही, निळ्या टॉर्चखाली मात्र चमकतो, असं त्यानं सांगितलं. पाणी जिथून जातं तिथे डाग सोडणारच. अंगाला लागला तर साबणाला दाद देत नाही, म्हणून मोजे. पाणी कमी झालं की गाडी थेट इकडे घेऊन यायची.

फार थांबावं लागलं नाही. चादरी उतरवून रिकामी परतताना गाडी तापली. अप्पा आले, रंग लागू नये म्हणून झाकण तिनंच फडक्यानं उघडलं, त्यांनी वरून पाणी ओतलं, पायाबद्दलचं ते वाक्य म्हणून झालं. तेव्हा मात्र तिनं सांगून टाकलं की आता मिस्त्रीकडे जाते. अप्पा हसले. "चल, मीही येतो. मला नाही सापडलं ते तुझ्या मिस्त्रीला काय सापडतंय बघू."

भर दुपार होती. मिस्त्रीनं गॅरेजचं शटर खाली ओढलं, दिवा घालवला, आत मिट्ट काळोख केला. बॉनेटची दांडी सैल होती, म्हणून अप्पांनी बॉनेट दोन्ही हातांनी वर तोलून धरलं. निळा उजेड इंजिनवरून सावकाश फिरायला लागला. वरचा पाइप, काही नाही. खालचा पाइप, काही नाही. पाण्याचा पंप, हेडचा जोड, सगळं काळं. मिस्त्री आडवा होऊन गाडीखाली सरकला आणि रेडिएटरच्या तळाशी पाणी सोडायची जी तोटी असते, तिच्याभोवती हिरवट पिवळं कडं लखलखलं.

तिला हायसं वाटलं. म्हणजे तोटीच खराब, आपला पाय नव्हे.

"गळत नाहीये ही," मिस्त्री खालून म्हणाला. "गळाली असती तर ओघळ आला असता. ही कुणीतरी उघडून परत बंद केलीय."

तो उठायला लागला. उठताना टॉर्च वर गेला आणि बॉनेटच्या काठावरची अप्पांची बोटं उजळली. नखांच्या कडा, तळव्याच्या रेषा, इस्त्रीच्या शर्टाची बाही, सगळं त्याच हिरवट पिवळ्या रंगानं पेटलं. हात सोडावेत तर बॉनेट मिस्त्रीच्या डोक्यात बसेल, म्हणून ते तसेच धरून उभे राहिले. अधू डोळ्यामुळे आपल्याच हातांवरचा तो उजेड त्यांना सगळ्यांच्या शेवटी दिसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मिस्त्रीनं टॉर्च बंद केला, शटर अर्धं वर सरकवलं आणि नळावर हात धुवायला निघून गेला. शहाणा माणूस. बराच वेळ धूत बसला.

काखेत कळसा होता आणि ती गावभर वळसे घालत होती. पहाटेचं ते बॉनेट उघडणं तिला आठवलं. पहिल्याच रिंगला उचललेला फोन आठवला. इस्त्रीचा शर्ट आठवला. माणूस घरी लोळत असताना इस्त्रीच्या शर्टात कशाला बसेल? ते वाट बघत बसलेले असायचे. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर शेतालाच बोल लावला होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"इंजिनाला धक्का लागेल एवढं कधी काढलं नाही," अप्पा म्हणाले. "मापून काढायचो. रिकामी येतानाच तापेल असा अंदाज धरायचो. दोनदा चुकला."

"मी इंजिनाचं विचारलं नाही."

अप्पांनी बॉनेट हळूच खाली ठेवलं. "आधी दिवसातून चारदा फोन करायचीस तू. अप्पा, हा आवाज कसला. अप्पा, क्लच असा का. मग हळूहळू बंदच झाला. सगळं यायला लागलं तुला. मी आपला घरात भिंती बघत बसायचो."

"आणि मला वाटत होतं, मला गाडीच येत नाही." ती म्हणाली. "तो सायकलवाला मेला असता अप्पा. तुम्हाला सांगितलं होतं मी. तेव्हासुद्धा तुम्ही पायच म्हणालात."

अप्पा नखांकडे बघत होते. साध्या उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं.

"गाडी येते तुला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरी येते."

हे वाक्य ऐकायला तिनं जिवाचं रान केलं असतं. आता ते तिला नको होतं, आणि नको असतानाही खरं होतं, याचाच तिला संताप आला.

घरी जाताना अप्पा शेजारच्या सीटवर होते. चढ आला तेव्हा तिनं तिसरा गिअर सोडला नाही, पाय दाबून ठेवला. काटा मधोमध उभा होता.

काम टिकलं. अप्पा अजून पहाटे उठतात, काच पुसतात, टायरवर लाथ मारतात. बॉनेटपाशी मात्र येत नाहीत. मध्ये एकदा स्टेपनीसुद्धा पंक्चर निघाली, तेव्हा तिनं मिस्त्रीला फोन केला. संध्याकाळी अप्पांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाणी आता तीच बघते. रोज पहाटे झाकण फिरवताना तिला वाटतं, आज एक बोटभर तरी कमी असावं. म्हणजे मग म्हणता येईल, गाडीतच काहीतरी खोट होती. ती आत वाकून बघते. पाणी काठोकाठ असतं.