बाळ मावशीकडे

टॅम्सिनने सहा महिन्यांची पोर दिवसा सांभाळायला मावशीकडे ठेवायचं ठरवलं, ही बातमी ग्लेनिसला शाळेच्या कॅन्टीनमध्ये सॉसेज रोल गरम करता करता भलत्याच बाईकडून कळली. पोटच्या लेकीची पहिली मुलगी, आजी दोन गल्ल्यांवर राहते, आणि बाळ कुणाकडे? जॉयलीनकडे! जिला दोन वर्षांपूर्वी वॉलरू बंदराच्या धक्क्यावरून, पिऊन पडलेली, पोलिसांनी उचलून घरी आणलं, त्या जॉयलीनकडे.

घरी पोचताच तिने लेकीला फोन लावला.

"मी काय मेले होते का गं?"

"आई, मावशी आठ महिने प्यायली नाहीये."

"आणि मी? मी कधी रस्त्यात पडले? एक दिवस तरी कामाला दांडी मारली?"

"नाही मारलीस. पण चारनंतर बोललेलं तुला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. बाळाने खाल्लं की नाही, हे मी कुणाला विचारायचं?"

फोन आपटून ग्लेनिसने फ्रिजमधल्या वाइनच्या खोक्याच्या तोटीखाली ग्लास धरला. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.

धाकटी बहीण दर गुरुवारी शेजारच्या काडिना गावी दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जाते, एवढं तिला ठाऊक होतं. गावभर जॉयलीनचं कौतुक चाललेलं. जन्मभर घर सांभाळणारीला कुणी विचारत नाही, आणि वाया गेलेली परतली की तिला ओवाळायला सगळे पुढे! तिला जमतं ते मला न जमायला काय झालं? ग्लेनिसने चडफडत त्या सभावाल्यांची हेल्पलाइन फिरवली. सुधारायचं वगैरे तिच्या मनातही नव्हतं; धाकटीच्या वर कडी करायची होती. काडिना मात्र नको, असं तिने बजावलं. पलीकडच्या बाईने नावगाव न विचारता पत्ता दिला: मूंटा, मंगळवार, दुपारी बारा, चर्चमागचा हॉल.

मंगळवारी डोळे तपासायचेत म्हणून रजा काढून ती निघाली. गाडी दोन रस्ते सोडून लावली. हॉलचं पुढचं दार ढकललं, तर आत गोधड्या शिवणाऱ्या बायका. त्यांतल्या एकीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि काही न विचारता म्हणाली, "मागच्या दाराने जा, राणी. किटली ठेवलीय त्यांनी."

ग्लेनिसचे कान तापले. माझ्या तोंडावर लिहिलंय की काय?

मागच्या खोलीत खुर्च्या मांडत होती ती जॉयलीन. कमरेला हॉलच्या किल्ल्या! येणारा जाणारा तिच्या गळ्यात पडत होता. म्हणजे इथेही हीच मालकीण. ग्लेनिस उलट्या पावली फिरणार, तोच जॉयलीन समोर आली. तिने ग्लेनिसकडे नीट पाहिलं. मग परक्या बाईला विचारावं तसं तिने विचारलं, "पहिल्यांदाच आलात? चहात साखर?"

'बहीण म्हणायची लाज वाटते हिला!' ग्लेनिस रागारागाने खुर्चीत बसली. आता उठले तर ही जिंकली.

एकेक जण बोलत गेला. ग्लेनिसने ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण पाळी आली आणि सगळं बाहेर पडलं.

"मी पिते म्हणून नाही आले. माझी नात माझ्या बहिणीकडे ठेवतात म्हणून आलेय. मला तिचा इतका हेवा वाटतो की तिने परत पिऊन पडावं, असं वाटतं."

मग ऑस्वाल्ड नावाचा म्हातारा खाकरला. "मी कुत्रा परत मिळावा म्हणून आलो होतो, बाई. बायकोने कुत्रा नेला होता. बायकोचं मला काही नव्हतं." सगळे हसले. ग्लेनिसलाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

नंतर जॉयलीन कप विसळत होती. ग्लेनिस तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ओळख का नाही दाखवलीस?"

"इथे कोण येतं ते आम्ही फोडत नाही, ग्लेनी. तू बहिणीचं बोललीस, तेव्हाही मी मान वर केली नाही."

"पण तू तर गुरुवारवाली ना? काडिनाची?"

"मी मंगळवारीही येते. शुक्रवारीही. एकाने भागत नाही माझं." तिने नळ बंद केला. "आणि जळण्याचं म्हणशील, तर मी तीस वर्षं तुझ्यावर जळले. तू प्यायचीस आणि तुझं घर टिकायचं. मी प्यायचे आणि सगळं जायचं."

"टॅम्सिनला सांगशील?"

"मी नाही. तू सांग, सांगावंसं वाटलं तर."

ग्लेनिसने लगेच नाही सांगितलं. घरी जाऊन ती प्यायलीही. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा गेली, मग गुरुवारीही. खोकं फ्रिजमधून जायला दीड महिना लागला.

मे महिन्यात टॅम्सिनने पहिल्यांदा बाळ दोन तास तिच्याकडे सोडलं, तेही जॉयलीन सोबत असेल तर, या अटीवर. ती अट ग्लेनिसला झोंबली. त्यात पोर जागी झाली ती जॉयलीनकडेच झेपावली.

"घे, तुझीच आहे ती," ती म्हणाली.

"मला लघवीला जायचंय," जॉयलीन म्हणाली. "धर नीट तिला." आणि दार लावून घेतलं.

पोर भोकाड पसरून रडली. ग्लेनिस तिला कडेवर घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. जॉयलीनला बाहेर यायला बराच वेळ लागला.