अठ्ठेचाळीस सेकंद

पिंपळवंडीच्या गोरक्षनं ते गाणं रचलं तेव्हा त्याच्या आईनं, बायडाबाईनं, ऐकून एवढंच विचारलं होतं, "नाव कशापायी घेतलं? जनावर म्हनायचं की." मेंढरांमागं जन्म घालवलेली बाई ती. त्या घरात बिबट्याला कधी कुणी बिबट्या म्हटलं नाही, 'जनावर' म्हटलं. नाव घेतलं की ते आपल्यालाच बोलावलं समजून येतं, अशी समजूत. गोरक्ष हसला होता. जनावर-जनावर म्हणून हळदीला कोण नाचणार? त्यानं नाव घेतलं, आणि तेही हाक मारून:

ये रं बिबट्या, उसातनं ये,
सासूला माझ्या घेऊन जा,
चार दिस सांभाळ, पाचव्या दिशी
बांधावर तिला ठेवून जा!

दोन वर्षं जुन्नर-आंबेगावात या गाण्याशिवाय हळद लागली नाही. राजुरीच्या जत्रेत लोकांनी ते एका रात्रीत चार वेळा म्हणून घेतलं. आणि गंमत अशी, की सगळ्यात जास्त नाचायच्या त्या सासवाच. पदर खोचून, सुनेला पुढं घालून. गोरक्षला लोक 'बिबट्यावाला' म्हणायला लागले आणि तो ते नाव मिरवायला लागला.

मग लोणीच्या अलीकडं खडकमळ्यात तुकाबाई नावाची बासष्ट वर्षांची बाई दुपारी चार वाजता मेंढरांसाठी घास कापायला गेली ती परत आली नाही. उसातून बिबट्या निघाला आणि त्यानं तिला वाकलेलीच धरली. तासाभरानं माणसं काठ्या घेऊन गेली तेव्हा ती सापडली. बांधावर.

बांधावर सापडली हे कळलं आणि गोरक्षला आपल्याच गाण्याची शेवटची ओळ आठवली. कुणी काही म्हणायच्या आधीच त्याला ते कळलं होतं. दिवेलागणीपर्यंत तुकाबाईचा फोटो आणि मागं गोरक्षचं गाणं, असा व्हिडिओ गावोगाव पोचला. खाली लिहिलं होतं, 'घ्या. ठेवली बांधावर. नाचा आता.'

दुसऱ्या दिवशी राजुरीचा फोन आला, यंदा येऊ नका. मग नारायणगावची सुपारी गेली, मग मंचरची. ज्या डीजेवाल्यांनी या गाण्यावर गाड्या सजवल्या, त्यांनीच पेनड्राइव्ह दगडानं ठेचतानाचे व्हिडिओ टाकले. ते एक वेळ चाललं असतं. पण कुणीतरी गोरक्षच्या घराचा फोटो टाकला, पत्र्याच्या शेडसकट, आणि खाली दोनच शब्द लिहिले: 'हे घर.' तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्या दिवशी दुपारी एक मोटरसायकल दारासमोर येऊन उभी राहिली. वर दोघं, तोंडाला रुमाल. शिवी नाही, दगड नाही. दहा मिनिटं नुसते घराकडं बघत बसले आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं गोरक्षला वाटलं. तेव्हापासून मोटरसायकलचा आवाज आला की तो जिथं असेल तिथून आत जायचा. 'मी सांगितलं नव्हतं का' एवढं जरी बायडाबाई म्हणाली असती, तरी त्याला रडायला तोंड मिळालं असतं.

तिसऱ्या दिवशी लोकांना गाणारा पुरेनासा झाला. त्यांना नाचणारी सापडली.

तुकाबाईची सून पुष्पा. तिनं दिवाळीत याच गाण्यावर रील केलं होतं. अकरा सेकंदांचं. पुष्पा अंगणात नाचतेय, 'सासूला माझ्या घेऊन जा' म्हणत मागं बोट दाखवतेय, आणि मागं पाठमोरी तुकाबाई घासाचा भारा सोडतेय. बस, एवढंच. तिनं हसतहसत टाकलेलं ते रील आता लोक दातओठ खाऊन बघत होते. सुनेनंच बोलावलं. बोट करून दाखवलं. नवऱ्यानं, दादाभाऊनं, तिचा फोन अंगणातल्या दगडावर आपटला आणि सुतकाचे दिवस आहेत म्हणून तेवढ्यावर थांबला.

सातव्या दिवशी खडकमळ्याच्या गेणभाऊंचा फोन आला. वस्तीतला वडीलधारा माणूस, आवाज शांत. शांत आवाजाचीच जास्त भीती वाटते.

"पावणं, तुकाबाईच्या धाव्याला या. माईकवर माफी मागा, गानं पुसून टाकतो म्हना. मंग कुनी हात लावनार न्हाई, माझा शबुद."

"आन नाय आलो तर, अण्णा?"

"मंग मी कुनाकुनाला आवरू?"

त्याच दुपारी अनोळखी नंबरावरून पुष्पाचा फोन आला. शेजारणीचा फोन मागून घेतला होता, आणि ती इतकी हळू बोलत होती की गोरक्षला कान दाबून ऐकावं लागलं.

"दादा, मी खडकमळ्याची पुष्पा. तुमाला दिवाळीत व्हिडिओ धाडला व्हता, ध्यानात हाय?"

"कंचा?"

"पुरा. आत्याबाई, माझ्या सासू, नाचत्यात तो. त्यांनी मला तो टाकू दिला न्हाई, माझा नाच लोकांना दावू नको म्हनल्या. म्हून निस्ता तुमाला धाडला. माझा फोन फुटला, दादा. आता तो तुमच्याकडंच हाय. धाव्याला येनार ना तुमी? तेवढा लोकांला दावा. हे मला ठेवनार न्हाईत. धाव्यानंतर म्हायेरी धाडनार, आन पोरगी इथंच ठेवून घेनार."

"बघतो," गोरक्ष म्हणाला.

फोन ठेवून त्यानं शोधला. होता. अठ्ठेचाळीस सेकंद. पहिले अकरा सगळ्या जगानं पाहिलेले. बाराव्या सेकंदाला तुकाबाई भारा टाकून वळते. "आगं, लाजती काय? मलाच ने म्हन की!" म्हणत पदर खोचते. मग दोन्ही हातांची नखं काढून बिबट्यासारखी गुरगुरत सुनेच्या मागं धावते. सून किंचाळत कणगीभोवती पळते. शेवटी तुकाबाई दम लागून ओट्यावर बसते आणि फोनकडं बघून ओरडते, "ये रं बिबट्या! ने मला! हिच्या हातची आमटी खाऊन मरन्यापरीस तू बरा!" आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसतात.

गोरक्षनं तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून.

"हे दावायचं न्हाई," भगवंत म्हणाला. भगवंत त्याचा कीबोर्डवाला, पंधरा वर्षांचा जोडीदार, आणि गाडीही त्याचीच. "बाई मरून धा दिस न्हाई झालं, आन तू तिला तिच्याच धाव्यात नाचवनार? त्यात ती सोताच नाव घेऊन बोलावती. म्हनतील, मेलेल्या बाईवर ढकलतोय. जित्ता न्हाई येनार तू तिथनं."

"आन ती पोरगी?"

"तिचं तिची मानसं बघतील. तू माफी माग, हात जोड, गाडीत बस."

पण दहाव्याच्या सकाळी गोरक्ष निघाला तो व्हिडिओ दाखवायचाच असं ठरवून. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. शर्टाच्या खिशात फोन, फोनमध्ये तो व्हिडिओ वरच काढून ठेवलेला. वाटेत भगवंतला दोनदा गाडी थांबवावी लागली, कारण गोरक्षला लघवीला लागत होती आणि उतरलं की होत नव्हती.

बंधाऱ्याजवळच्या घाटावर पाचसहाशे माणूस. प्रवचन संपलं होतं, श्रद्धांजलीची भाषणं संपली होती. पिंड मांडला होता आणि सगळी माणसं बाभळीवर बसलेल्या कावळ्यांकडं बघत होती. कावळे काही खाली येईनात. दादाभाऊनं हात जोडून आईला शब्द दिला, मेंढरं विकणार नाही. कावळा हलला नाही. गेणभाऊंनी शब्द दिला, नात शिकवू. कावळ्यांनी मान वळवून दुसरीकडं पाहिलं. ऊन चढत होतं. माणसं पिंडाभोवती इतकी दाटली होती, की कावळ्याला यायचं असतं तरी उतरायला जागा नव्हती. पण हे कोण बोलणार?

"बाईचं मन अडाकलंय," कुणीतरी म्हणालं. "त्या गानेवाल्याला घ्या म्होरं."

गोरक्षच्या पाठीवर हात पडला. कुणाचा ते त्यानं पाहिलं नाही. लोकांनी वाट करून दिली आणि तो पुढं गेला तशी ती वाट मागून मिटत गेली. भगवंत कुठं राहिला कळलं नाही. गेणभाऊंनी माईक त्याच्या हातात दिला. हजारो वेळा धरलेला माईक, पण त्या दिवशी तो दोन हातांनी धरावा लागला.

समोर चाळीस-पन्नास फोन वर झाले, सगळे त्याच्याकडं तोंड करून. पुरुषांच्या मागं बायका बसल्या होत्या, आणि बायकांच्याही मागं, एकटी, पुष्पा. तिच्या दोन्ही बाजूंनी हातभर जागा मोकळी सोडली होती. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. त्याच्या खिशाकडं बघत होती.

"गानं माझं हाय," गोरक्ष म्हणाला. "चूक माझी हाय. तुकाबाई मला आईच्या जागी. म्या ते गानं पुसलं, पुन्यांदा तोंडात घेनार न्हाई. मला माफ करा."

बरं बोलला. लोकांत थोडी चुळबुळ झाली, एकदोन माना हलल्या. इथं तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला पुढं बोलायचं होतं, त्याचा हात खिशाकडं निघालाही होता.

तेवढ्यात डाव्या हाताच्या गर्दीतून आवाज आला, "आन ती नाचली त्याचं काय? ते पन तूच शिकावलं का?"

गोरक्षनं तिकडं पाहिलं. तोंडाला रुमाल बांधलेले दोघं. तेच होते की दुसरे कुणी, त्याला आजही सांगता यायचं नाही. पण खिशाकडं निघालेला हात माईकवर परत आला.

"नाचायला..." तो म्हणाला. "नाचायला म्या कुनाला सांगितलं नव्हतं."

शब्दाला शब्द खरं होतं. कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. खोटं बोलायला निदान छाती लागते, हे असलं खरं बोलायला तीही लागत नाही.

मग एकेक करून माना मागं वळल्या. पाचसहाशे माणसं पुष्पाकडं बघायला वळली, पुढच्या रांगांतली तर दोन पावलं तिच्याकडं सरकली, आणि पिंडाकडं सगळ्यांची पाठ झाली. जागा मोकळी झालेली पाहून बाभळीवरचा एक कावळा खाली उतरला आणि त्यानं भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते म्हणतात, ती अशी. त्यानंतर कुणाला काही दाखवायची सोयच उरली नाही. बाईच्या मनात काय अडकलं होतं ते गानेवाल्यानं बोलून दाखवलं आणि बाई सुटली, असंच सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दादाभाऊ रडतरडत आला आणि गोरक्षच्या गळ्यात पडला. "भाऊ, तुमच्या शब्दानं आई मोकळी झाली. आता तुमाला कुनी काय बोललं तर माझ्याशी गाठ हाय." गेणभाऊंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दहा दिवसांत पहिल्यांदा गोरक्षला भूक लागली होती. आमटी-भाताला चव होती. तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

गाडीत बसायला निघाला तेव्हा बाभळीखाली पुष्पाचा भाऊ मोटरसायकल चालू करून उभा होता. हँडलला कापडाची एक पिशवी अडकवली होती. मुलगी नव्हती बरोबर. पुष्पा आठ-दहा पावलं चालून गोरक्षकडं आली. आता शिव्या देईल, म्हणून तो अंग चोरून उभा राहिला.

"दादा," ती म्हणाली, "तो व्हिडिओ मला तरी धाडा. भावाच्या फोनवर धाडा. लोकांला न्हाई दावत मी. पन आत्याबाई हासताना दुसरीकडं कुठंच न्हाईत वो."

द्यायला काय जात होतं? पण गोरक्षच्या डोळ्यांपुढं सगळं पुढचं पुढचं आलं: हा व्हिडिओ भावाकडं गेला, भावाकडून गावाकडं गेला, आणि लोकांना कळलं, की हे याच्या खिशात होतं. घाटावर, माईक हातात असताना, याच्या खिशात होतं. पुन्हा घराचा फोटो. पुन्हा मोटरसायकल.

"डिलीट झाला तो," गोरक्ष म्हणाला.

पुष्पानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पहिल्यांदाच, आणि बराच वेळ. मग ती जाऊन भावाच्या मागं बसली.

भगवंतनं गाडी काढली. "सुटलो बाबा," तो म्हणाला. राजुरीहून फोन येऊन गेला होता. झालं गेलं विसरा म्हणत होते, नुसतं ते गाणं सोडून बाकीची म्हणा. गोरक्षनं फोन काढला. आवाज बंद करून तुकाबाईला एकदा कणगीभोवती पळताना पाहिलं, ओट्यावर बसून हसताना पाहिलं, आणि आपण बोललो ते खरं करून टाकलं.

मागून मोटरसायकलचा आवाज आला. गोरक्षनं भगवंतला काचा वर घ्यायला सांगितल्या आणि सीटवर खाली सरकला. मोटरसायकल शेजारून पुढं गेली. मागं पुष्पा बसली होती, पिशवी आता मांडीवर, नजर सरळ रस्त्यावर. तिनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती वळणाआड दिसेनाशी झाली तरी गोरक्ष वर सरकून बसला नाही.