मेकॅनिक कुठाय?

तीस वर्षं मी शिलाईची मशिनं दुरुस्त केली. तीस वर्षं दुकानात शिरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघून मलाच विचारायचा, "मेकॅनिक कुठाय?" मी म्हणायची, "तुमच्यासमोर." मग तो माझ्या मागे बघायचा. मागे भिंत होती.

म्हणून सोमवारी माझ्या पोटच्या पोराने फोनवर "आई, कुणा जाणकाराला बोलाव ना" असं म्हटलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. दुकान बंद केल्यावर मला एका संस्थेचं काम मिळालं, अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं. त्यासाठी मी कॉम्प्युटर घेतला. घेतला म्हणजे सुटे भाग आणले आणि घरच्या टेबलावर स्वतः जोडला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सुरू झाला. त्या दिवशी मी एकटीच टाळ्या वाजवल्या. दोन पुस्तकं थंडीच्या दिवसांत सुखाने वाचून झाली. मग उन्हं तापली, कॉम्प्युटरही तापायला लागला, आतले चारही पंखे जीव खाऊन फिरायला लागले, आणि संस्थेतल्या रेकॉर्डिंगवाल्याचा निरोप आला.

"मावशी, भूगोलाच्या पुस्तकात विमान उडतंय. शनिवारी दुपारपर्यंत पाच मिनिटांचा स्वच्छ नमुना पाठवा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. माझ्या हातात नाही हो."

कुणाच्याच हातात काही नसतं. पण ते पुस्तक मला हवं होतं, आणि का हवं होतं तेही सांगते. दुकानात माझं बोलणं कुणी एकदासुद्धा धड ऐकून घेतलं नाही. इथे पोरं माझं रेकॉर्डिंग मागे नेतात आणि पुन्हा ऐकतात. हे मी सोडणार नव्हते.

मुलगा म्हणाला, "तुझ्या त्या खोक्याला आता निवृत्त कर. मी शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो."

"आणू नकोस."

"आणतोच. तू हट्टी आहेस."

"आणि तू मुलगा कुणाचा आहेस?" असं विचारून मी फोन ठेवला.

आता माझ्या शहाणपणाची कथा ऐका. आमच्या धंद्यात आवाज आला की पहिला हात तेलाच्या बुधलीकडे जातो. मंगळवारी मी चारही पंख्यांच्या मधोमध असलेली गोल चिकटपट्टी नखाने उचलली आणि प्रत्येकात मशिनचं तेल सोडलं. थेंबभर पुरलं असतं. मी सढळ हाताने सोडलं. दुपारभर अशी शांतता, की मी स्वतःवरच खूश. बुधवारी सकाळी ढणढणाट सुरू! जास्तीचं तेल पात्यांवर उडालं होतं, आणि दुकानातलं सामान ठेवलेल्या माझ्या खोलीत तीस वर्षांच्या कापडाचा तंतू अजून हवेत आहे, तो सगळा त्या तेलावर जाऊन बसला होता. एका पंख्याला तर मिशा फुटल्या होत्या. पातं एकीकडे जड झालं, की पंखा थरथरणारच. हे मी गिऱ्हाइकांना चाकाबद्दल हजारदा सांगितलंय, आणि स्वतःच्या घरी विसरले.

खाली बसून रडावंसं वाटलं. रडले नाही, पण वाटलं ते खरं. बुधवारचा अख्खा दिवस पाती पुसण्यात गेला. मिशांवाला पंखा कामातून गेला होता, त्याच्या जागी नवा आणून बसवला. तरीही विमान उडतच होतं, फक्त जरा लांबून.

गुरुवारी जेवताना डोक्यात प्रकाश पडला. दुकानात आवाज कुठून येतो हे आम्ही कधी डोळ्यांनी शोधलं होतं का? मी उष्ट्या हाताने उठले, हात धुतला आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक मशिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डॉक्टरची नळी तरी वेगळं काय करते? फिरत्या पात्यांना लागणार नाही असं टोक मी एकेका पंख्याच्या चौकटीवर टेकवलं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा, चौथा, चौघेही साधे सरळ. मग टोक कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवलं आणि कान फाटला. गुणगुणायचे पंखे, आणि बोंब मारायचा पत्रा! मी उगाच गरिबांना तेल पाजलं होतं.

हा रोग माझ्या ओळखीचा निघाला. उघड्या लाकडी टेबलावर जड मशीन ठेवलं, की टेबलही बोलायला लागतं. बॉबिन भरायच्या चाकाला लागणाऱ्या छोट्या रबरी कड्यांचा डबा माझ्याकडे होता, त्या पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूपाशी घातल्या. मशिनखाली घालायचा जाड लोकरी नमदा कापून पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटवला, हवेची भोकं मोकळी ठेवून. चार तुकडे कॅबिनेटच्या पायांखाली घातले. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन पंख्यांचा वेग कमी केला, म्हणजे जरा ऊब लागली की लगेच धावत सुटायचे नाहीत. मग समोर बसून तासभर वाचलं. एक डोळा पुस्तकावर, एक पडद्यावरच्या तापमानावर. आकडा थोडा चढला आणि थांबला. मी मात्र थांबले नाही, धडा पुरा केला.

शनिवारी सकाळी नमुना पाठवला. तासाभराने मुलगा आला, काखेत लॅपटॉपचं खोकं. बूट काढता काढता त्याने कान दिला आणि चेहऱ्यावर माया आणली.

"बंद पडला ना शेवटी? जाऊ दे आई, वाईट वाटून घेऊ नकोस."

मी माउस हलवला. पडद्यावर भूगोलाचा दुसरा धडा उघडाच होता. तो वाकला, कॅबिनेटला कान लावला, मग हात लावून बघितला. बोलायला मजा आली असती, पण तेवढ्यात फोन वाजला. रेकॉर्डिंगवाला होता. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"मावशी, नमुना ऐकला. एकदम स्वच्छ! पुस्तक तुमचंच. नवं मशीन घेतलं का?"

"नाही. तेच आहे."

"काय सांगता? मग एक करा ना, आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरचीही बोंब आहे. त्या मेकॅनिकला आमच्याकडे पाठवा. कोण होता तो?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. माझ्या मागे नाही, माझ्याकडे.

"मीच," मी म्हणाले. "सोमवारी दहाला येते. स्क्रू ड्रायव्हर माझा मी आणीन, आणि दारात कुणी मला मेकॅनिक कुठाय असं विचारलं, तर तिथूनच परत जाईन."