व्हेराशिवायचं रीळ

मी एक जुनं टेबल आहे मित्रांनो, सिनेमा कापायचं आणि जोडायचं. मधोमध दिव्याची काच, दोन्ही बाजूंना रिळं फिरवणाऱ्या तबकड्या, कडेला पातं. घडलो इथेच, जर्मनीत. सगळीकडे कॉम्प्युटर आले, तेव्हा स्टुटगार्टच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून अर्काडींनी मला चढावरच्या आपल्या घरात आणलं.

अर्काडी रशियातले मोठे दिग्दर्शक. तीस वर्षं सिनेमे केले, बक्षिसं घेतली, मग युद्धाविरुद्ध बोलले आणि देश सुटला. त्यांचे सिनेमे तिकडे जाळले गेले. उरली एका सिनेमाची एकच प्रत, तीही मागाहून कुणीतरी सीमेपार धाडलेली. त्यात नायिका होती त्यांची बायको, तिकडेच राहिलेली व्हेरा. अर्काडी फिल्म ओठांत धरत. जी बाजू ओठाला चिकटे, ती चित्राची. व्हेराची चित्रं ते जरा जास्तच वेळ धरत.

मग एके दिवशी कळलं, नवऱ्याला देशद्रोही म्हणणाऱ्या पत्रावर व्हेराने सही केली आहे.

पातं उचललं, पातं टेकलं. हसणारी व्हेरा गेली, पाव कापणारी व्हेरा गेली. सिनेमात दार उघडायचं आणि आत कुणीच यायचं नाही.

सुकन्या ही पुण्याची मुलगी, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. ती रीळ स्कॅन करून देणार होती.

"काका, एकच प्रत आहे," ती म्हणाली. "आधी स्कॅन करू, मग भांडा बायकोशी."

"गेनाऊ, अगदी बरोबर," असं जर्मनमध्ये म्हणत काकांनी तरीही पातं खाली आणलं. तुकडे कचऱ्यात गेले, कचरा गाडीत.

वसंतात व्हेरा आली. आजारी, काठी टेकत जिना चढली. मरण्याआधी तिला स्वतःला एकदा तरुण पाहायचं होतं. अर्काडींनी तिला माझ्यासमोर बसवलं आणि रीळ संपेपर्यंत उठू दिलं नाही.

"मी कुठे आहे?"

"सही केलीस तिथे."

ती काचेकडे बघत राहिली. "सही केली म्हणून तर तिथल्या सरकारने हे रीळ सोडलं. तुझ्याकडे काहीतरी राहावं."

तिने तबकडी हाताने मागे फिरवली. एका चित्रात दोरीवर कपडे वाळत घालणारा हात तेवढा उरला होता, अर्काडींच्या नजरेतून सुटलेला. तिने त्यावर बोट ठेवलं.

"एवढी राहिले आहे. हेही काप."

अर्काडींना पातं उचलवेना.

मित्रांनो, माझ्यापाशी चिकटपट्टीही आहे, पण जोडायला तुकडा लागतो. राग आला तर ओरडा, दार आपटा, उपाशी झोपा. पण ज्याची प्रत एकच आहे, ते माझ्यापुढे आणू नका. मला नाही म्हणता येत नाही.