अक्षरं आतल्या बाजूला

मी बोलतोय. पण आधी हात मागे घ्या बघू. हो, तुमचेच. माझं कापड दोन बोटांत धरून चोळून बघणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असं चोळून झालं की त्यांच्या मनात पुढचं वाक्य काय येतं, ते मला पाठ आहे: 'फरशी पुसायला बरं आहे.'

मी एक निळा सुती टी-शर्ट. वय वर्षं सात. छातीवर पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन छापलंय, 'ठमी कुणाचं ऐकत नाही'. सध्या त्यातल्या 'ठ'चा गाल उडालाय आणि पुढच्या अक्षरांना तडे गेलेत. ते कुणी केलं, याबद्दल माझा एका बाईवर पक्का संशय होता. तेच सांगायला बसलोय.

एवढा संशयी स्वभाव बरा नव्हे, असं तुम्ही म्हणाल. अहो, मी जन्मलो त्याच दिवशी माझा सख्खा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत फडकं झाला. मग स्वभाव गोड कुठून राहणार?

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादाचं छपाईचं काम चालायचं. दादा म्हणजे ठमीचा थोरला भाऊ. त्यांचे बाबा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. ठमीच्या विसाव्या वाढदिवसाला बाबांनी कागदावर ती अक्षरं काढली आणि दादाने त्यावरून दोन जाळ्या तयार केल्या, एक पिवळ्या रंगाची, एक लाल. जाळी म्हणजे चौकटीवर ताणलेलं झिरझिरीत कापड. अक्षरांपुरती भोकं मोकळी, बाकीची बंद. ती आमच्या छातीवर टेकवायची, वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने ओढायची. पहिला नंबर माझ्या भावाचा लागला. त्याची पिवळी अक्षरं झकास उतरली, पण लाल सावली बोटभर सरकली.

"हा गेला," दादा म्हणाला आणि त्याला उचलून त्यालाच शाईचे हात पुसले. भावाचं आयुष्य उणंपुरं पाच मिनिटांचं! मी शेजारी आडवा पडून सगळं बघत होतो. मला धड ओरडताही येईना.

मी मात्र सुबक उतरलो. मग गरम प्रेसखाली माझी शाई पक्की केली. बाहेर काढून दादाने मला दोन्ही हातांनी ताणलं, शाई तडकते का बघायला.

"किती वर्षं टिकेल रे?" बाबांनी विचारलं.

"ते आपल्या ठमाबाईंवर आहे. नीट धुतला तर एक वेळ कापड विरेल, पण प्रिंट जाणार नाही. नाहीतर वर्षभरात पोपडे."

"माझ्या पाट्या पंधरा-पंधरा वर्षं ऊन खातात. तुझ्या शाईचे एवढे नखरे?"

"बाबा, तुमच्या पाट्यांना कुणी बादलीत बुचकळत नाही."

नीट धुवायचं म्हणजे कसं, ते दादाने चार ओळींत चिठ्ठीवर लिहून माझ्याबरोबर पिशवीत टाकलं. छातीवरचं सोडलं तर मला वाचता येत नाही, तेव्हा त्यात काय होतं ते मला कळलं नाही. ठमीला वाचता येतं. पण तिने पिशवी टरकावली, मला अंगात घातलं, आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या आणि चिठ्ठी गेली पिशवीबरोबर कचऱ्यात. माझ्या छातीवर काही उगाच लिहिलेलं नाही.

पहिली वर्षं बरी गेली. आई मला बादलीत, गार पाण्यात, हलक्या हाताने धुवायची. तिच्यावरही माझी नजर असायची. फरशी पुसायची वेळ झाली की मी दोरीवर अंग चोरून घ्यायचो. पण खरं सांगायचं तर तिने मला कधी वाईट वागवलं नाही.

दोन वर्षांनी बाबा गेले. आठ दिवस अंथरुणावर, आणि संपलं. जाळ्या तर दादाने कधीच धुऊन दुसऱ्या कामाला घेतल्या होत्या. तो अक्षरांचा कागद बाबांनी स्वतःच ब्रश पुसायला वापरला होता. "हात आहे तोवर कागद कशाला जपायचा?" म्हणायचे. त्यांच्या पाट्याही एकेक करून उतरल्या, तिथे दिव्यांचे बोर्ड आले. बघता बघता बाबांच्या हातची अक्षरं उरली फक्त माझ्या छातीवर. ठमी मला घालायची तेव्हा तिचा तळवा आपोआप त्या अक्षरांवर जायचा. त्या हाताचा मात्र मला कधी संशय आला नाही. तिथेच चुकलं.

मागच्या वर्षी वहिनी घरात आली. लग्नाआधी ती एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात कामाला होती. आईचे गुडघे धरले होते म्हणून कपड्यांचं काम आपसूक तिच्याकडे गेलं. पहिल्याच दिवशी तिने मला उचललं, आणि काय करावं? दोन बोटांत धरून चोळून बघितलं!

"कापड अजून चांगलं आहे," ती पुटपुटली.

कशासाठी चांगलं? ते सांगा ना! मग तिने मला उलटा केला, अक्षरं आत, शिवण बाहेर. तसाच मशीनमध्ये टाकला आणि वाळत घातला तोही उलटाच, मागच्या बोळात, सावलीला, चार टॉवेलांच्या पाठीमागे. जणू मी काही गुन्हा केलाय आणि पाहुण्यांना तोंड दाखवायची मला चोरी आहे.

संध्याकाळी ठमी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हिने बाबांची अक्षरं आत का केली?"

"अगं, तिलाच विचार की."

"मी कशाला विचारू? आधी खिडकीतले बाबांच्या रंगाचे डबे हलवले. आता हे. हिला या घरात बाबांची खूणच नकोय."

माझं तर हेच मत होतं. शाब्बास पोरी, म्हटलं, बरोबर ओळखलंस! त्या दिवसापासून आम्ही दोघं एका बाजूला आणि वहिनी दुसऱ्या. ती दोरीजवळ आली की ठमी तिच्या हातातून मला ओढून घ्यायची. वहिनी काही बोलायची नाही, नुसती बघत राहायची. आणि न बोलणाऱ्या माणसाचा तर मला दुप्पट संशय.

मग ठमी स्वतःच मला धुवायला लागली. कढत पाणी घ्यायची. बाबांची अक्षरं लख्ख दिसायला हवीत म्हणून त्यांच्यावरच ब्रश घासायची. भर उन्हात गच्चीच्या कठड्यावर वाळत घालायची, अक्षरं रस्त्याकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावीत म्हणून. आणि सुरकुती राहू नये म्हणून थेट अक्षरांवर इस्त्री. चटके बसायचे, अंग आवळून यायचं, पण मी म्हणायचो, आपलीच पोर आहे, प्रेमाने करतेय, चांगलंच असणार. पुढे 'ऐकत'वर पहिली चीर पडली तेव्हा आम्हा दोघांना एकदमच वाटलं, हे त्या बाईचंच काम! नक्की काहीतरी कालवत असणार पाण्यात.

मग एके दिवशी इस्त्री उचलली तर 'ठ'चा गाल इस्त्रीबरोबर गेला. ठमी किती तरी वेळ त्या निळ्या भोकाकडे बघत बसली. मग मला घडी घालून कपाटात सगळ्यात खाली लपवून ठेवलं.

शनिवारी ती दुकानात गेली आणि कपाट उघडलं. वहिनी! एका हातात मी, दुसऱ्या हातात कात्री. झालं, म्हटलं, भरले आपले दिवस. तिने मला थेट शेडमध्ये दादाकडे नेलं आणि त्याच टेबलावर पसरलं, जिथे माझ्या भावाचं फडकं झालं होतं.

तेवढ्यात ठमी दारात. अर्धा दिवस काम करून परतलेली, कपाट उघडं बघून धावत आलेली.

"कात्री खाली ठेव, वहिनी! डबे हलवलेस, गप्प बसले. अक्षरं आत करून वाळत घातलीस, तरी गप्प बसले. आता कापणारच होतीस ना?"

"अगं ए, कागद कापतेय ती," दादा म्हणाला. "टी-शर्टवर कागद ठेवून अक्षरं उतरवून घेतोय. आहेत तेवढी."

"इस्त्रीच्या बुडाला पिवळं चिकटलेलं दिसलं, ठमीताई," वहिनी हळूच म्हणाली. "म्हटलं, आता हे फार दिवस राहत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही दिलाच नसता. चुकलंच माझं."

"मग उलटा का करायचीस?"

"चिठ्ठीतली पहिली ओळ तीच होती ना, ठमे," दादा म्हणाला. "उलटा करून धुणे. गार पाण्यात. सावलीत वाळवणे. प्रिंटवर इस्त्री नाही."

"कुठली चिठ्ठी?"

पिशवीबरोबर कचऱ्यात गेली ती! मला बरोबर आठवली.

"मशीनमध्ये कपडा कपड्यावर घासतो," वहिनी म्हणाली. "अक्षरं आत असली की वाचतात. आणि डब्यांना खिडकीत ऊन लागत होतं. रंग सुकत होते. झाकणं घट्ट लावून पलंगाखाली ठेवलेत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझ्या हातून कधी नीट घेतलात का काही? हिसकावूनच न्यायचात. वाटलं, बाबांची वस्तू, मी घरात नवी. मी कोण बोलणार?"

ठमी स्टुलावर बसली. "म्हणजे मीच. बाबांचं शेवटचं होतं तेवढं मीच खरवडून काढलं." आणि ती रडली, लहान मूल रडतं तशी, नाक ओढत. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! वर्षभर मी ज्या हातांच्या नावाने बोटं मोडली, तेच हात मला जपत होते.

दादाने बाकीची अक्षरं उतरवली, पण 'ठ'चा गाल काही त्याला जमेना. तीन कागद फुकट गेले. "हे वळण बाबांच्या हाताचं. मला नाही यायचं," म्हणून त्याने पेन्सिल ठेवली.

वहिनी एकदम वाकली. टेबलाचा एक पाय तोकडा होता, त्याखाली घडी करून काहीतरी खुपसलेलं होतं. "मी झाडायला येते तेव्हा रोज बघते. निळा रंग हाच आहे." तिने ते ओढलं, टेबल डगमगलं, दादाने शाईचा डबा कसाबसा सावरला. काळं, कडक झालेलं ते फडकं तिने बोटांनी हळूहळू उलगडलं. आतल्या घडीत पिवळा 'ठ', गुबगुबीत गालासकट, जसाच्या तसा.

माझा भाऊ! सात वर्षं टेबलाचा भार डोक्यावर घेऊन उभा होता आणि बाबांचं अक्षर पोटाशी धरून. मी ज्याला मेला म्हणून रडलो, तो माझ्यापेक्षा शाबूत निघाला.

आता अक्षरांचा कागद पुठ्ठ्यात घालून ठेवलाय. दादा नव्या जाळ्या करणार, नवे टी-शर्ट छापणार. ते आले की माझं काय करतात, याची मला आतापासून धाकधूक आहे. स्वभाव काय असा एका दिवसात जातो होय? तुम्हाला मात्र विनवणी करतो, मला नाही तर माझ्या भाईबंदांना तरी जपा. आणि तुमच्या आवडीचं काही कुणी उलटं करून ठेवलं तर हिसकावून घ्यायच्या आधी एकदा विचारा. आम्ही दोघांनी वर्षभर विचारलं नाही.

काल रविवार होता. ठमीने बादलीत गार पाणी घेतलं आणि स्वतःच्या हाताने मला उलटा केला. वहिनीने शेजारच्या बादलीत माझ्या भावाला धुतलं. बोळातल्या सावलीत आम्हा दोघांना जवळजवळ वाळत घातलं. भाऊ माझ्याकडे संशयाने बघत होता. घराण्याचाच गुण, दुसरं काय!

"ठमे, चिमटा प्रिंटवर नको गं, खांद्याला लाव," वहिनी म्हणाली. ताई नाही, अहो-जाहो नाही.

आणि ठमीने मुकाट्याने चिमटा काढून खांद्याला लावला. बरं झालं, माझी अक्षरं आतल्या बाजूला होती.